दुसऱ्यांदा अंगठा लावण्याआधी पहिल्याची पावती मागा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कापसाची वेचणी जोरात असली की आमच्या भागात आधारच्या यंत्रावर अंगठा लागत नाही. वाळलेल्या बोंडांच्या कडा टोकदार असतात. दिवसभर वेचणाऱ्या बाईच्या बोटांना बारीक चिरा पडतात, त्यात थंडीने कातडी उलते. भंडारा-गोंदियात धानाच्या रोवणीत बोटे पाण्याने फुगून सुरकुततात. भिवापूरकडे मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडून ती सोलवटतात, तर गडचिरोलीत तेंदूपानांचे पुडे बांधून राठ होतात. कारणे वेगळी, परिणाम एकच. कंट्रोलच्या, म्हणजे रेशन दुकानाच्या, किंवा बँक मित्राच्या, म्हणजे बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीच्या, यंत्रावर पहिला प्रयत्न फसतो आणि समोरचा म्हणतो, ‘परत लावा.’ बाई परत लावते. तिसऱ्यांदाही लावते. आधार आणि खासगीपणा याबद्दल आम्हाला जे सांगायचे आहे ते या दोन शब्दांपाशी आहे.

आधारची माहिती फुटते का, यावरचा वाद बहुधा बंगळुरू आणि मानेसरच्या डेटा केंद्रांभोवती फिरतो. तो वाद बिनकामाचा नाही. २०१७ मध्ये सरकारी संकेतस्थळांवरच आधार क्रमांकांच्या याद्या उघड्या पडल्या होत्या, आणि एप्रिल २०२२ मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालाने आधार प्राधिकरणाच्या कारभारातील बऱ्याच उणिवा दाखवल्या. पण श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये ज्या म्हाताऱ्याच्या खात्यात येतात, त्याचे पैसे डेटा केंद्रातून जात नाहीत. ते टेबलावरून जातात. यंत्रावर ठेवलेला अंगठा सांकेतिक रूपात प्राधिकरणाकडे जातो, तिथल्या नोंदीशी ताडला जातो आणि ‘जुळले’ किंवा ‘नाही जुळले’ एवढेच उत्तर येते. ई-केवायसी असेल तर सोबत नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो येतो. ठसे परत कुणालाच दिले जात नाहीत, आधार कायद्याचे कलम २९ त्याला मनाई करते. इथपर्यंत व्यवस्था ठीक आहे. अडचण अशी की हे ‘जुळले’ कशासाठी विचारले होते, ते अंगठा लावणाऱ्याला दिसत नाही.

काच तीच, तांबडा उजेड तोच, बोट तेच. त्याच बोटाने रेशन उचलले जाते, पीएम किसानची केवायसी होते, सिमकार्ड निघते, खात्यातली शिल्लक कळते आणि खात्यातून पैसेही निघतात. एटीएमला कार्ड लागते आणि पिन लागतो, म्हणजे दोन गोष्टी. आधार आधारित पैसे काढण्याच्या सोयीत, म्हणजे एईपीएसमध्ये, बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोट एवढेच पुरते. पिन नाही, ओटीपी नाही. एका व्यवहारात १०,००० रुपयांपर्यंत रक्कम निघू शकते. बँकेचे नाव आणि आधार क्रमांक तर गावात कुणालाही माहीत असतो, त्यामुळे उरते फक्त बोट.

आता टेबलावर काय घडते ते नीट पाहू, कारण आम्ही हीच यंत्रे चालवतो. बँक मित्र ॲपमध्ये आधी व्यवहाराचा प्रकार निवडतो: विड्रॉल, शिल्लक चौकशी किंवा मिनी स्टेटमेंट. मग आधार क्रमांक टाकतो, यादीतून बँक निवडतो, विड्रॉल असेल तर रक्कम टाकतो, आणि शेवटी स्कॅनरवर बोट मागतो. म्हणजे बोट लागण्याआधी सगळे ठरलेले असते, आणि ते सगळे त्याच्या बाजूच्या स्क्रीनवर असते. विड्रॉलवर कमिशन मिळते, नुसती शिल्लक दाखवण्यावर जवळपास काहीच पडत नाही. बहुतेक चालक प्रामाणिक आहेत हे आम्ही ठामपणे सांगतो. पण ज्याला हात मारायचा आहे त्याची रीत साधी असते. पहिला व्यवहार यशस्वी झालेला असतो, तो म्हणतो ‘सर्व्हर आला नाही, परत लावा.’ दुसऱ्यांदा पुन्हा पैसे निघतात आणि हातात एकाच वेळचे पडतात. दुसरी रीत म्हणजे बाई शिल्लक विचारायला आलेली असते आणि स्क्रीनवर विड्रॉल निवडलेले असते. तिसरी म्हणजे ‘केवायसी करायची आहे’ असे सांगून घेतलेला अंगठा.

या तिन्ही रीती चालतात त्या झिजलेल्या बोटांच्या भरवशावर. ज्याचे बोट एका दमात लागते तो दुसऱ्यांदा मागितले की विचारतो, का? ज्याचे बोट दर खेपेला चार वेळा नाकारले जाते तिला ‘परत लावा’ ऐकायची सवय झालेली असते. म्हणून ‘अंगठा न लागल्याने वंचित राहणे’ आणि ‘अंगठ्यातून लुबाडले जाणे’ हे दोन वेगळे प्रश्न म्हणून मांडले जातात ते आम्हाला पटत नाही. त्याच बाईचे, त्याच बोटाचे, त्याच यंत्रावरचे ते प्रश्न आहेत.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय पावतीचा आहे. यशस्वी आणि फसलेल्या, दोन्ही व्यवहारांची पावती निघू शकते. त्यावर तारीख, वेळ, बँक, रक्कम आणि १२ अंकी आरआरएन नावाचा संदर्भ क्रमांक असतो. फसलेल्या व्यवहारावर कारणही असते. बोट जुळले नसेल तर आधारचा त्रुटी क्रमांक ३०० येतो, आणि धारकाने स्वतः बायोमेट्रिक कुलूप लावले असेल तर ३३० येतो. ‘सर्व्हर आला नाही’ असे सांगणाऱ्याने त्याची पावती द्यावी, मगच दुसऱ्यांदा बोट मागावे. कागद संपला, प्रिंटर बिघडला असे उत्तर मिळाले तर त्या दिवशी अंगठा न लावलेला बरा. रक्कम तोंडाने बोलून घ्यायची, स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्यायची आणि बोट ठेवण्याआधी त्यावर कुठला शब्द आहे तो वाचायचा किंवा सोबतच्या पोराला वाचायला लावायचा.

कधीकधी खरोखरच टाइमआउट होतो, विशेषतः नेट सतत येत-जात असते त्या पोडांवर आणि टोल्यांवर, म्हणजे आडबाजूच्या आदिवासी वस्त्यांवर. खात्यातून पैसे कटतात आणि चालकाच्या स्क्रीनवर काहीच येत नाही. अशा वेळी चालकाशी भांडण करून उपयोग नसतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी कटलेली रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत परत जमा व्हायला हवी, आणि उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. ही भरपाई मागणारे फार थोडे असतात, कारण त्यांच्याकडे तारीख आणि वेळ लिहिलेला कागदच नसतो.

अंगठाच न लागणे कमी कसे करायचे, तेही इथेच सांगतो. साबणाने हात धुऊन कोरडे करावेत, ओले बोट काचेवर पसरते आणि ठसा फिसकटतो. काच मऊ फडक्याने पुसावी, वेचणीच्या दिवसांत तिच्यावर कापसाची लव बसते. स्कॅनरवर थेट ऊन येऊ देऊ नये, प्रकाशावर चालणारी यंत्रे उन्हात चुकतात. बोटाचे टोक नव्हे, पेराचा सपाट भाग टेकवावा. अंगठ्याचाच हट्ट धरू नये. दहापैकी कुठलेही बोट चालते आणि कष्टकरी माणसाची अनामिका किंवा करंगळी बहुधा कमी झिजलेली असते. एकदा जे बोट लागले ते घरात लिहून ठेवावे. वर्षानुवर्षे काहीच लागत नसेल तर नोंदणी केंद्रावर ठसे नव्याने द्यावे लागतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचे शुल्क १२५ रुपये आहे. ते काम वेचणी किंवा रोवणीच्या हंगामात करू नये. चिरलेल्या बोटांचे ठसे नोंदवले तर चिरा भरल्यावर पुन्हा तीच रड सुरू होते.

रेशनबाबत तर नियम अधिक स्पष्ट आहे, पण कंट्रोलवर तो कुणी सांगत नाही. आधार प्राधिकरणानेच २४ ऑक्टोबर २०१७ रोजी परिपत्रक काढून ठरवून दिले आहे की बोट लागले नाही तर बुबुळ, ते नाही तर ओटीपी, आणि काहीच जमले नाही तर नोंदवहीत लिहून धान्य द्यायचे, माणसाला परत पाठवायचे नाही. आधार कायद्याच्या कलम ७ मध्येही, ज्याला आधार क्रमांकच मिळालेला नाही त्याला ओळखीचा दुसरा मार्ग देण्याची तरतूद आहे. अंत्योदय कार्डाचे ३५ किलो किंवा प्राधान्य कुटुंबाचे माणशी ५ किलो धान्य हा कायद्याने दिलेला हक्क आहे, अंगठा ही फक्त ओळख पटवण्याची एक रीत. तहसीलच्या पुरवठा शाखेने ही अपवाद नोंदवही प्रत्येक दुकानात समोर टांगलेली आहे का, एवढे जरी तपासले तरी ‘उद्या या’चे प्रमाण घटेल. उद्या म्हणजे कोलाम पोडावरच्या माणसाची एका दिवसाची मजुरी.

आता बोटाच्या नकलेकडे वळू. बोट चोरता येत नाही असा समज आहे, पण ठसा चोरता येतो. सिरोंच्यापलीकडे नदी ओलांडली की तेलंगण लागतो. तिथल्या पेद्दापल्ली जिल्ह्यात २०१८ मध्ये एका मोबाइल विक्रेत्याचे प्रकरण उघड झाले. त्याने जमीन नोंदणीच्या संकेतस्थळावरून दस्त उतरवून घेतले, त्यावरच्या अंगठ्यांचे रबरी ठसे बनवले आणि हजारो सिमकार्डे चालू केली. खरेदीखतावर अंगठा आणि आधारची झेरॉक्स एकाच जुडग्यात असतात, म्हणून हा मार्ग सोपा जातो. त्यानंतर हरियाणा-कर्नाटकात अशाच नकली बोटांनी खात्यांतून पैसे काढले गेले. प्राधिकरणाने २०२३ पासून ठशाच्या रेघांसोबत बोटाची प्रतिमाही तपासायला आणि बोट जिवंत आहे का ते पाहायला सुरुवात केली. जुन्या एल-शून्य प्रकारच्या यंत्रांऐवजी एल-एक यंत्रे आणली, ज्यांत ठसा यंत्राच्या आतच सांकेतिक होतो. हे पाऊल चांगले आहे. पण एटीएमचा पिन फुटला तर बदलता येतो, अंगठा फुटला तर काय बदलायचे? म्हणून ठसा फुटला तरी नुकसान होणार नाही अशी सोय धारकाच्या हातात असली पाहिजे.

तशी सोय आहे. तिचे नाव बायोमेट्रिक लॉक. मायआधार संकेतस्थळावर किंवा आधारच्या अधिकृत ॲपवर, नोंदलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने ते लावता येते. लावले की बोट, बुबुळ आणि चेहरा तिन्ही बंद. ओटीपीने होणारी कामे मात्र चालू राहतात. काम असेल तेव्हा तात्पुरते उघडता येते, आणि ते १० मिनिटांनी आपोआप पुन्हा बंद होते. गावात लोक ते लावत नाहीत, कारण लावले की रेशनला अंगठा चालत नाही. पण रेशन घरातल्या, कार्डावर नाव असलेल्या कुठल्याही एका माणसाच्या अंगठ्यावर मिळते. मग ज्यांच्या खात्यात निराधारचे किंवा लाडक्या बहिणीचे पैसे येतात त्या आजीचे, सुनेचे बायोमेट्रिक बंद ठेवावे, आणि ज्या पोराच्या खात्यात फारसे काही नसते त्याचे उघडे ठेवून त्याच्या बोटावर धान्य उचलावे. आजीचे पैसे पासबुक घेऊन शाखेत सहीने किंवा शाखेतल्या अंगठ्याने काढावेत. पेन्शनचा हयातीचा दाखला किंवा एखादी केवायसी असेल त्या दिवशी तेवढे उघडावे. नवऱ्याच्या किंवा लेकाच्या हातात बायकोच्या आधारचे कुलूप देण्यातही धोका आहे हे आम्ही जाणतो. म्हणून ओटीपी जिथे येतो तो मोबाइल शक्यतो तिच्या हातातला असावा.

इथेच खरी मेख आहे. गावातल्या कित्येक आधारांना जोडलेला मोबाइल नंबर त्या माणसाचा नसतो. कधी काळी नोंदणी करणाऱ्याचा, पुतण्याचा, शेजाऱ्याचा किंवा रिचार्ज न केल्याने बंद पडलेला असतो. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते आणि आधारचे ओटीपी त्या परक्या माणसाकडे जायला लागतात. आपला कोणता नंबर जोडला आहे हे पाहायला पैसे लागत नाहीत. मायआधारवर ‘आधारची वैधता तपासा’ या ठिकाणी क्रमांक टाकला की वयाचा गट, लिंग, राज्य आणि मोबाइलचे शेवटचे तीन अंक दिसतात. ते तीन अंक ओळखीचे नसतील तर नंबर बदलून घ्यावा. हे काम नोंदणी केंद्रावर होते, आणि टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमनही करून देतो. घरात कुणाचा ईमेल असेल तर तोही जोडावा, म्हणजे आधार कुठे वापरला गेला की ईमेलवर निरोप येतो. शिवाय मायआधारवर गेल्या ६ महिन्यांतील जास्तीत जास्त ५० वापरांची यादी मिळते: तारीख, वेळ, बोट की ओटीपी, कुठल्या संस्थेने विचारले, जुळले की नाही. रेशनच्या दिवशी बँकेचे नाव दिसले तर तिथेच थांबून चौकशी करायला हवी. या नोंदी ६ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितले. त्यामुळे उशीर करणाऱ्याच्या हातातून पुरावा निसटतो.

झेरॉक्सचा पसारा वेगळाच. शेतकरी ओळख क्रमांक, पीक विमा, सीसीआयची कापूस नोंदणी, नाफेडची सोयाबीन नोंदणी, लाडकी बहीण, घरकुल, प्रत्येकाला आधारची प्रत लागते. कास्तकार एका वेळी दहा प्रती काढून पिशवीत ठेवतो आणि मागेल त्याला देतो. यापेक्षा मास्क केलेले आधार द्यावे, त्यात फक्त शेवटचे ४ अंक दिसतात. संकेतस्थळावरून उतरवताना तसा पर्याय असतो. पूर्ण प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवे लिहावे, ‘फक्त अमुक कामासाठी’, तारीख आणि सही. सेवा केंद्रावर व्हॉट्सॲपने पाठवलेले आधारचे पीडीएफ संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडून राहते. त्याला पासवर्ड असतो म्हणून निश्चिंत राहू नये, तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष एवढाच असतो. प्रिंट निघाली की आपल्यासमोर फाइल आणि व्हॉट्सॲपचा निरोप दोन्ही पुसायला सांगावे. आमच्या व्यवसायातील बांधवांना विनंती आहे की रोज संध्याकाळी ते फोल्डर रिकामे करावे, दोन मिनिटांचे काम आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर किंवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लाभार्थ्यांच्या याद्या आधार क्रमांकासह टाकल्या जातात ते तर कायद्याविरुद्धच आहे. आधार क्रमांक जाहीरपणे छापता किंवा लावता येत नाही. नाव आणि गाव पुरेसे असते.

अंगठ्याआधी संमती घ्यायची, ती कशासाठी ते सांगायचे आणि दुसरा पर्याय काय तेही सांगायचे, हे आधार कायद्याच्या कलम ८ मध्ये लिहिले आहे. प्रत्यक्षात ॲपमधल्या संमतीच्या चौकटीत खूण आम्हा चालकांच्या बोटाने पडते. ती वाचून दाखवायला वेळ नसतो, आणि असला तरी मजकूर इंग्रजीत असतो. संमती नसताना काय होते याचे उदाहरण देशाने पाहिले आहे. २०१७ मध्ये सिमच्या पडताळणीसाठी दिलेल्या आधारवर एअरटेल पेमेंट्स बँकेत लोकांची खाती उघडली गेली आणि गॅसचे अनुदान तिकडे वळले. डिसेंबर २०१७ मध्ये प्राधिकरणाला त्यांचा ई-केवायसीचा परवाना थांबवावा लागला. सरकारी अनुदान आधारला शेवटी जोडलेल्या एकाच बँकेत जाते, म्हणून हे घडू शकले. एक गैरसमज इथे दूर करायला हवा. अनुदान कुठल्या बँकेत जाते ते बदलले म्हणजे जुन्या खात्यातून अंगठ्याने पैसे निघणे बंद होते असे नाही. आधार जोडलेले प्रत्येक खाते एईपीएसच्या यादीतून निवडता येते. ते बंद करायचे तर त्या त्या बँकेला लेखी अर्ज द्यावा लागतो.

शाळांबाबत थोडक्यात. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, आधार-वैध पटावर ठरत असल्याने शिक्षकांची पदे मुलांच्या आधारला टांगली गेली आहेत, आणि तो ताण पालकांवर येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार आधार नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. विद्यार्थ्यांच्या अपार ओळखपत्रासाठी पालकांची लेखी संमती लागते आणि ती नाकारण्याचा अधिकार पालकांना आहे. लहानपणी काढलेले आधार १८ वर्षे पूर्ण झाल्यावर ६ महिन्यांच्या आत अर्ज करून रद्द करता येते, ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आली. हे मुख्याध्यापकांनी पालकसभेत एकदा तरी वाचून दाखवावे.

पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे, रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवण्याची शक्यता तेव्हाच असते. त्याच दिवशी शाखेत लेखी तक्रार द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याची असेल आणि बँकेकडून व्यवहाराची माहिती मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाचे नुकसान शून्य धरायचे असते. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवले तर मूलभूत बचत खात्याला जास्तीत जास्त ५,००० रुपयांची झळ. मुदत मोजायची ती ‘माहिती मिळाल्यापासून’. नंबर चुकीचा असल्याने एसएमएस आलाच नसेल आणि पासबुक भरल्यावर कळले असेल, तर पासबुक भरल्याची तारीख तक्रारीत स्पष्ट लिहावी आणि त्या पानाची प्रत जोडावी. बँकेने १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा आहे. ग्राहकच जबाबदार आहे हे सिद्ध करायचे ओझे बँकेवर आहे. ‘तुमचाच अंगठा लागला आहे’ एवढे म्हणून शाखेला हात झटकता येत नाहीत. अंगठा लागला होता का हा वाद नसतोच, तो कशाला लागला हा वाद असतो. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्यासाठीचा क्रमांक १४४४८. आधारसंबंधी तक्रारीसाठी १९४७.

वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण सगळ्या तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिली आहे. त्यात सरकारी लाभासाठी माहिती वापरताना वेगळ्या संमतीची गरज नाही, म्हणजे आमच्या भागातल्या बहुसंख्य व्यवहारांना त्याचे कवच पातळच राहील. १ जानेवारी २०२६ पासून रिझर्व्ह बँकेने एईपीएस चालकांच्या पडताळणीचे नियम कडक केले आहेत. तीन महिने व्यवहार नसलेल्या चालकाची केवायसी पुन्हा करावी लागते. चालक कोण आहे ते यातून तपासले जाईल, पण स्क्रीनवर काय निवडले ते ग्राहकाला दिसणार नाहीच.

म्हणून आमचे म्हणणे जिल्हा अग्रणी बँकांना आणि राज्यस्तरीय बँकर्स समितीला असे आहे. आधार जोडला की खात्यावर एईपीएसने पैसे काढणे आपोआप सुरू होते, ते आधी बंद असावे आणि खातेदाराने सही करून मागितले तरच चालू व्हावे. चालू-बंदचा एक पानी मराठी अर्ज प्रत्येक शाखेत आणि बँक मित्राकडे ठेवावा. स्कॅनरचा उजेड लागण्याआधी यंत्राने व्यवहाराचा प्रकार आणि रक्कम मोठ्याने बोलून सांगावी. यूपीआयच्या साउंड बॉक्सवर चहाच्या टपरीवरसुद्धा ‘वीस रुपये मिळाले’ ऐकू येते, मग निराधाराच्या खात्यातून दोन हजार निघताना यंत्राने मुके का राहावे? हा आवाज मराठीत असावा, आणि मेळघाटात कोरकूत, भामरागड-एटापल्लीत गोंडी-माडियात, आमच्याकडे कोलामीत असावा. फसलेल्या प्रयत्नाची पावती छापल्याशिवाय त्याच ग्राहकाचा पुढचा प्रयत्न ॲपने सुरूच करू नये. हे सगळे सॉफ्टवेअरमधले बदल आहेत, त्यासाठी नवे यंत्र किंवा नवा कायदा लागत नाही. येत्या वेचणीच्या आधी निदान यवतमाळ जिल्ह्यात पावतीची अट लागू करावी आणि तिची तपासणी महिन्यातून एकदा अग्रणी बँक व्यवस्थापकांनी आठवडी बाजाराच्या दिवशी, गर्दीच्या वेळी येऊन करावी.

आपले,
घाटंजी, केळापूर व झरी जामणी तालुक्यांतील काही सेवा केंद्र चालक आणि बँक मित्र,
जि. यवतमाळ